वांडाला माती चालत नाही

"हॅलो?... हां, फणसे नर्सरी. संताजी फणसेच बोलतोय, बोला... हॅलो? जरा जोरात बोला, इकडे पाण्याची मोटर चालू आहे... कोण?... कमल? कुठली कमल?"

संताजीला बहीण एकच, आणि तिचंच नाव कमल. तरी 'कुठली कमल' हे तोंडातून निघून गेलं. मे महिन्यातली सकाळ होती, दिवसाआड नळाला तासभर येणारं नर्मदेचं पाणी नेमकं आत्ता आलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे या बहिणीचा आवाज दोन वर्षांत त्याच्या कानावर पडलेला नव्हता.

"कमे? तू?... अगं थांब, थांब... सरला! मोटर बंद कर! कर ना बंद, कमलचा फोन आहे!... हां, बोल. कोणाला काय झालं? पोरगा ठीक आहे ना, निशांत?... आणि विजयराव?... ठीक आहेत? मग तुझा आवाज असा का येतोय?... बरं, काही नाही तर काही नाही. फोन कुठून करतेस?... घरी लागला? अरे वा! कधी?... आठ दिवस झाले आणि आज आठवला भाऊ!... निशांतनं लावून घेतला, हाव. पीथमपूरच्या कारखान्यात लागला ना तो? ऐकलं होतं... लोकांकडून ऐकलं, आणखी कोणाकडून ऐकणार. बरं ते जाऊ दे. सांग, काय झालं?"

त्याची बायको सरला हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. संताजीनं तिला मानेनंच 'थांब' म्हटलं.

"काय मरतंय?... झाडं?... अगं, दोन वर्षांनी फोन केलास तो झाडांसाठी?... नाही, नाही, हसत नाहीये. सही में नाही हसत. कसली झाडं?... पट्ट्यासारखी पानं, दोन्ही बाजूंना... हां... मुळं बाहेर लोंबणारी, दोरीसारखी जाड... फुलं निळी-जांभळी?... वांडा! वांडा ऑर्किड म्हणतात त्याला. तुमच्याकडे कुठून आला? इंदुरात माझ्याशिवाय... कुठल्या बंगल्यातली? आपल्या मिलच्या?"

'आपल्या मिलच्या' म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला.

मिल बंद पडून तीन वर्षं होत आली होती. संताजीनं तिथं बावीस वर्षं काढलेली, ह्युमिडिटी प्लँटवर. बाहेर उन्हाळ्याची लू वाहत असो की थंडी पडो, खात्यातली हवा ओलसर ठेवायची हे त्याचं काम. हवा सुकली की धागा तुटतो, धागा तुटला की लूम थांबतो. आणि लूमवर होते विजयराव, कमलचे यजमान. त्यांचा धागा तुटू नये म्हणून संताजीचे पंखे फिरायचे. मेहुण्याची हवा आणि मेहुण्याचं कापड, असं खात्यातले लोक चेष्टेनं म्हणत. मिलला टाळं लागल्यावर संताजीनं स्नेहलतागंजमधल्या घराच्या गच्चीवर हिरवी जाळी ताणली आणि तेच हवेचं गणित झाडांना लावलं. हॉटेलं नवी होत होती, ऑफिसं नवी होत होती, कंप्यूटरचे क्लास निघत होते. सगळ्यांना दाराशी झाड हवं होतं. त्याचं बरं चाललं होतं.

"हां... म्हणजे साहेब बंगला सोडून गेले, झाडं तशीच व्हरांड्यात टांगलेली... आणि विजयरावांनी सायकलवरून घरी आणली? इतक्या लांब, अन्नपूर्णापर्यंत? सगळी?... चार. मग छान केलं की. कशात लावलीत?... कशात?... माती?"

संताजी खुर्चीवरून उठलाच.

"अगं कमे! मातीत? वांडा मातीत?... शेणखत पण? वा, वा!... ओरडत नाहीये. अगं ऐक ना. ऐक. हे झाड मातीतलं नाहीच मुळी. जंगलात दुसऱ्या झाडाच्या अंगावर बसतं, मुळं हवेत सोडून. मुळांनीच हवा खातं, मुळांनीच पाणी पितं. त्याला मातीत पुरणं म्हणजे माणसाला गळ्यापर्यंत गाडून वरून पाणी ओतण्यासारखं... पाणी किती घालतात?... दिवसातून तीनदा? अगं पण कुठल्या वेळी?... सातला. मग तीनला. मग... रात्री अकराला? उठून?"

संताजीनं मनातल्या मनात त्या वेळा पुन्हा मोजल्या. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. मिलचा भोंगा याच वेळांना व्हायचा. गावातल्या कितीतरी घरांनी आपली घड्याळं त्यावर लावली होती.

"नाही, आहे मी. आहे फोनवर... हं... बोलत नाहीत? म्हणजे बिलकुल?... जेवण मागण्यापुरतं. आणि बाकी दिवस गॅलरीत त्या कुंड्यांसमोर... निशांतशी तरी?... पीथमपूरचं नाव काढलं की उठून जातात. हं... काय म्हणाले?... परत सांग... 'ही पण माझ्याच हातानं मरणार.' असं म्हणाले?"

सरला पुढं येऊन वेताच्या मोढ्यावर बसली. संताजीनं खिडकीकडं तोंड केलं.

"कमे, ऐक. आता नीट ऐक माझं. नाही मरणार. मी सांगतो ना! वांडा फार चिवट असतं, मरायला सहा-सहा महिने लावतं. पानं कशी आहेत?... सुरकुतलेली, पण हिरवी. बस, मग जान आहे अजून. टेंशन मत ले. विजयराव कुठं आहेत आत्ता?... दाढीला गेलेत? किती वेळ?... अर्धा तास पुष्कळ झाला. फोनची वायर गॅलरीपर्यंत पोचते?... मग ओढ तिकडं. आणि एक नवं ब्लेड घे. ब्लेड गॅसवर धर, लाल होऊ दे, मग गार कर. दालचिनी आहे घरात?... कुटून घे थोडी... खायला नाही गं, मुळांना लावायला! जा, मी थांबतो."

तो थांबला. पलीकडून भांड्यांचा आवाज, स्टुलाला काहीतरी आपटल्याचा आवाज, मग कुकरची शिट्टी. संताजीच्या डोळ्यांसमोर कमलचं स्वयंपाकघर उभं राहिलं. भाऊबीजेला तो त्याच खोलीत पाटावर बसायचा.

दोन वर्षांपूर्वी मिलच्या गेटवर धरणं चालू असताना, संताजीनं कंपनीच्या कागदावर सही केली आणि नोकरीवरचा हक्क सोडला. ते कळल्यावर विजयरावांनी त्याला भर गेटवर, सगळ्यांसमोर 'गद्दार' म्हटलं. संताजीही काही ऐकून घेणारा नव्हता. "तुम्ही बसा कुलपाची पूजा करत," असं बोलून तो निघाला. त्यानंतर ना राखी आली, ना भाऊबीज झाली.

"हां, आलीस? आता पहिली कुंडी आडवी कर आणि झाड सोडवून घे. ओढू नको. बुडाशी थोपट, माती आपोआप सुटेल... सुटली? मुळं धुऊन घे... बोअरचं पाणी नको गं. बोअरच्या पाण्यात खार असतो, मुळांवर पांढरा थर चढतो. नर्मदेचं साठवलेलं असेल ना, ते घे. हां... आता दिसतंय का? रंग सांग... तपकिरी. सगळीच?... वास येतोय? कुजलीत. ती कापायची... घाबरतेस काय, वांग्याचं देठ कापत नाहीस?... अगं, पण आधी बोटानं दाबून बघ. घट्ट लागलं की जिवंत. पिचकलं आणि सालटं निघून आत नुसता दोरा राहिला, की... कमे?... हॅलो?... कोण आलं?"

पलीकडं दार वाजलं होतं. कमल काहीतरी भरभर बोलत होती, पण फोनमध्ये नाही. मग तिचा आवाज थांबला. फोन कुठंतरी घासला गेला.

"कमल?... हॅलो?"

फोनवर कोणीतरी श्वास घेत होतं. जोरात घेत होतं. जिने चढून आल्यासारखं. तो श्वास संताजीनं ओळखला. लूमखात्यात वर्षानुवर्षं कापसाची धूळ खाल्लेल्या माणसाच्याच छातीतून तसा बारीक घरघराट येतो.

नर्सरीत येणाऱ्या बड्या बड्या मॅडमांना तो बिनधास्त झापायचा. पण आता रिसीव्हर हातात धरून तो उभा राहिला. आता फोन ठेवतील, असं त्याला वाटलं. ठेवायच्या आत काहीतरी बोलायला हवं, म्हणून जे जिभेवर होतं तेच त्यानं बोलून टाकलं.

"विजयराव, मूळ दाबून बघा."

संताजीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बोटात धरा आणि दाबा. तुम्हाला जे कळेल ते कमलला नाही कळायचं. वीस वर्षं तुटलेला धागा बोटांनी शोधलाय तुम्ही... मी आहे फोनवर. बघा तुम्ही."

मग त्याच्या कानात एक शब्द पडला.

"घट्ट? कुठलं, वरचं?... मग ते ठेवा. त्याच्या खालचं?... पोकळ. कापा. पोकळ भाग संपून घट्ट सुरू होतं ना, तिथं. बरोब्बर तिथंच... आणखी?... हां... हां... किती राहिली चांगली?... पाच! अहो पाच म्हणजे पुष्कळ झाली. मला वाटलं एखाद-दुसरं राहिलं असेल. कापलेल्या जागी दालचिनी लावा. आज पाणी द्यायचं नाही त्याला. जखम सुकू दे. दुसरी कुंडी घ्या."

दुसऱ्या कुंडीत तीन मुळं निघाली. तिसऱ्या झाडाची मुळं मातीतून बाहेर निसटून गॅलरीच्या गजाला चिकटली होती आणि म्हणूनच वाचली होती. विजयराव आता पुरी वाक्यं बोलायला लागले होते, तुटक तुटक. संताजीच्या अंगात हुरूप आला. तो खोलीत फोनच्या वायरीइतक्या येरझारा घालू लागला.

"नाही, पाणी घालायचं म्हणजे तांब्यानं ओतायचं नाही. उद्यापासून बादली भरायची, सकाळी. मुळं पंधरा-वीस मिनिटं त्यात सोडायची. कोरडं मूळ चांदीसारखं दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं होतं. हिरवं झालं की उचला, टांगून द्या. संध्याकाळच्या आत सुकलं पाहिजे. ओल्या मुळांनी रात्र काढायची नाही, आणि वर पानांच्या पोटात पाणी साठू द्यायचं नाही... रात्री अकराचं? नाही, नाही. अकराचं बंद... हां, उन्हाळा कडक आहे, तर दुपारी नुसता फवारा मुळांवर. आणि खाली परातीत ओल्या विटा ठेवा, खिडकीला गोणपाट भिजवून लावा. मे महिन्यात बाहेरच्या हवेत काही ओल नसते, तुम्हाला मी काय सांगायचं! लूमखात्यात हवा सुकली की माझ्या नावानं पहिली शिवी तुमचीच यायची... हो की नाही?... येत होती! कबूल करा!"

पलीकडं हसल्यासारखं काहीतरी झालं. की खोकला होता तो, संताजीला नक्की कळलं नाही.

"आता चौथं... हां, कमलला धरू द्या, तुम्ही बघा... काय?... एकही नाही? नीट दाबून... सगळी पोकळ. बरं. मग खोड बघा. बुडाशी कसं आहे?... काळं. वर कुठपर्यंत?... नखानं खरवडून बघा. हिरवं लागतंय का कुठं?... पानांपर्यंत काळंच?... पानं हातात आली?"

विजयरावांनी त्याला काहीतरी विचारलं.

"जगेल की! का नाही जगणार? आपण त्याला..."

आणि संताजी थांबला. नर्सरीत रोज दहा जणांना तो हेच सांगायचा. जगेल की, घेऊन जा. त्यानं सरलाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

"नाही, विजयराव. नाही जगणार ते. खोडच सडलंय. उगाच सांगितलं मी."

मग विजयराव बोलले. फार नाही, एकच वाक्य. पण ते ऐकून संताजी हळूच खुर्चीवर बसला.

"...हो. मिलचंही तेव्हा असंच सांगता आलं असतं... सांगायला हवं होतं... नाही, सहीचं नाही म्हणत मी. सहीचं मला आजही काही वाटत नाही. घर चालवायचं होतं, केली सही. दुसरंच आहे. विजयराव, आता ठेवू नका हं फोन. ऐका... सहीच्या आधी दोन महिने साहेबांनी मला आत बोलावलं होतं. तुम्ही सगळे पुढच्या गेटवर होतात. मला म्हणाले, प्लँटच्या मोटारी उतरव, सर्व्हिसिंगला पाठवायच्यात, कोणाजवळ बोलू नकोस. आता मोटर सर्व्हिसिंगला गेली तर पाया कशाला उखडतात? मला दिसत होतं. मीच बोल्ट खोलले. बावीस वर्षं ज्या मोटारींना तेल घातलं, त्यांचे. हवा गेली म्हणजे लूम गेले, लूम गेले म्हणजे मिल गेली. त्याच दिवशी कळलं मला. आणि तसाच पुढच्या गेटवर येऊन तुमच्या बाजूला बसलो. तुम्ही म्हणालात, दिवाळीपर्यंत भोंगा वाजतोच की नाही बघ. आणि मी 'हाव, वाजेल की' म्हणालो."

सरला त्याच्याकडं बघत राहिली. हे तिलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलं?... घाबरलो, हे एक. आणि वाटलं, यांना सांगितलं तर हे उठून घरी जातील, आणि घरी जाऊन करतील काय? त्यापेक्षा बसलेले बरे. असा शहाणपणा केला मी... चूक झाली. नंतर तुम्ही गद्दार म्हणालात, तेव्हा बरंच वाटलं होतं एकीकडून. कारण वेगळं होतं, पण शब्द बरोबर होता... हॅलो?... विजयराव?... आहात ना?... काय म्हणालात?"

त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"तुम्ही पाहिलं होतं?... कधी?... मागच्या गेटला? चहाच्या टपरीवर होतात?... ट्रक जाताना... आणि मी ताडपत्री बांधत होतो... म्हणजे मोटारी गेल्याचं तुम्हाला त्याच दिवशी... मग बोलला का नाहीत?"

उत्तर आलं तेव्हा संताजीनं डोळे मिटले.

"मी सांगेन म्हणून?... दोन महिने वाट बघितलीत?... रोज मी येऊन शेजारी बसायचो आणि तुम्ही... आज सांगेल, उद्या सांगेल... आणि मग मी सांगितलं काय, तर सही केल्याचं... म्हणजे तो शब्द सहीसाठी नव्हताच."

बाहेरून टेम्पो गेला, घंटी वाजवत कुल्फीवाला गेला. सरलानं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यानं घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"विजयराव, मला... नाही, बोलू द्या. मला माफ करा. इतकंच म्हणायचं होतं... काय?... माफीचं जाऊ दे? मग काय?... टोपल्या? हो, लाकडी पट्ट्यांच्या. आहेत ना, मीच बनवतो. झाड नुसतं मधोमध बसवायचं, सुती पट्टीनं बांधायचं, आत काही भरायचं नाही... तीन देतो पाठवून, संध्याकाळी... बरं, स्वतः आणतो. रविवारी येऊ?... आत्ता?... नाही, काम काय, काम असतंच. येतो. आत्ताच निघतो. स्कूटरवरून वीस मिनिटं... ते चौथं? फेकू नका अजून, बाकीच्यांपासून लांब ठेवा फक्त. इतके दिवस सांभाळलंय तुम्ही. मी आल्यावर दोघं मिळून बघू, कुठं ठेवायचं ते... हो... हो... कमलला म्हणावं, स्वयंपाक नको करू, आम्ही काही जेवायला... झालाय? काय केलंय?... मग तसं सांगा ना!... बरं. ठेवा... नाही, तुम्ही ठेवा आधी... अहो ठेवा... बरं, मीच ठेवतो."

त्यानं फोन ठेवला. गच्चीवर जाऊन तीन टोपल्या काढल्या, फुंकर मारून त्यांची धूळ उडवली, आणि जिन्यातूनच हाक दिली.

"सरला, साडी बदलायची तर बदल लवकर. कमलकडं जायचंय आपल्याला."